कातडीच्या भेगा आणि युरियाचे मलम

युरिया हे नाव आज खेड्यातील लहान मुलासही ठाऊक आहे. शेकडा ४६ भाग नत्र असलेले हे पांढरे दाणेदार खत बहुतेक प्रत्येक शेतकऱ्याच्या घरी पोत्याने येऊन पडते. हेच नाव औषधांच्या दुकानात मलमाच्या नळीवरही छापलेले आढळते. पायांच्या भेगांसाठी, हातांच्या खरखरीत कातडीसाठी, कधी जाड झालेल्या नखांसाठी डॉक्टर युरियाचे मलम लिहून देतात. अशा वेळी, घरात पोतेभर युरिया असताना या एवढ्याशा नळीला पैसे का मोजावेत, असा विचार वाचणाऱ्याच्या मनात आल्यास नवल नाही. दोन्हींतील मूळ द्रव्य एकच आहे, हेही खरे. तरीसुद्धा पोत्यातील युरिया कातडीवर लावणे धोक्याचे आहे. तो धोका नीट समजावयाचा तर युरिया कातडीत जाऊन काय करतो हे आधी पाहावयास हवे.

टाच का फुटते

मार्गशीर्ष-पौषात देशावर कोरडे वारे सुटले की टाचा फुटू लागतात. कोकणात व मावळात भाताच्या लावणीचे दिवस संपले की चिखलात आठवडेच्या आठवडे भिजलेले पाय वाळतात आणि तडकतात. ऊसतोडीच्या मजुरांचे हात, सारवण करणाऱ्या व कपड्याच्या सोड्यात हात घालणाऱ्या स्त्रियांची बोटे यांचीही तीच गत होते. या दुखण्यास आपल्याकडे जळवात असे जुने नाव आहे.

कातडीचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा बनलेला असतो. केराटिन नावाच्या प्रथिनाने या पेशी भरलेल्या असतात. नखे, केस व जनावरांची शिंगे ज्या जातीच्या द्रव्याची बनतात, त्याच जातीचे हे द्रव्य होय. शरीराच्या इतर भागांवर हा थर कागदासारखा पातळ असतो, तळव्यावर मात्र तो फार जाड असतो. शिवाय तळव्याच्या कातडीत घामाच्या ग्रंथी पुष्कळ असल्या तरी तेलकट स्राव देणाऱ्या ग्रंथी मुळीच नसतात. अनवाणी चालण्याने किंवा मागून उघड्या असलेल्या वहाणांमुळे टाच वजनाखाली बाजूंना पसरते. कातडी मऊ असेल तर ती ताणली जाते, कोरडी असेल तर फुटते.

कातडी मऊ राहते ती तेलाने, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. आयर्विन ब्लँक या अमेरिकन संशोधकाने पायांच्या घट्ट्यांतून काढलेल्या वाळलेल्या कातडीवर प्रयोग करून १९५२ साली असे दाखवून दिले की, हे तुकडे तेलात ठेवले तरी ठिसूळच राहतात, पाणी शोषून घेतल्यावर मात्र मऊ होतात. या थरातील पाण्याचे प्रमाण शेकडा १० च्या खाली गेले की तो तडकू लागतो. ही गोष्ट आपल्या न्हाव्यास प्रयोगाशिवायच ठाऊक होती. नराणी लावण्यापूर्वी तो नखांना पाणी लावतो, तेल लावीत नाही. तेलाचे काम निराळे आहे. आत शिरलेले पाणी उडून जाऊ नये म्हणून ते वरून झाकण घालते. कोमट पाण्यात पाय बुडवून, वजरीने हलके घासून, मग आमसुलाच्या बियांचे भिरंडेल चोळण्याची कोकणातील जुनी रीत या दृष्टीने अगदी शास्त्रशुद्ध आहे. कोरड्या फुटलेल्या टाचेवर नुसतेच तेल थापण्याची रीत तशी नाही.

युरिया कातडीत काय करतो

युरिया हे कातडीला परके द्रव्य नव्हे. कातडीच्या वरच्या थरात पाणी धरून ठेवणारी काही द्रव्ये निसर्गतःच असतात आणि त्यांत सुमारे शेकडा ७ भाग युरियाचा असतो. त्यातील काही घामातून येतो, काही कातडीतच तयार होतो. इसबासारख्या काही विकारांत तो कमी झालेला आढळतो.

युरियाचा पहिला गुण पाणी ओढून धरण्याचा. पावसाळ्यात उघड्या राहिलेल्या पोत्यातील दाणे ओलसर होऊन त्यांचा गोळा बनतो, हे प्रत्येक शेतकऱ्याने पाहिले आहे. खताच्या बाबतीत हा दोष होय, कातडीच्या बाबतीत हाच गुण ठरतो. दुसरा गुण अधिक प्रमाणात वापरल्यावर दिसून येतो. केराटिनचे धागे ज्या दुव्यांनी एकमेकांस बांधलेले असतात, ते दुवे युरिया सैल करतो. त्यामुळे साचलेला जाड थर मऊ पडून सुटू लागतो. तिसरा गुण असा की, युरिया लावलेल्या कातडीतून इतर काही द्रव्ये अधिक सहज आत शिरतात. औषधे बनविणारे याचा मुद्दाम उपयोग करून घेतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र ही सावधगिरीची बाब आहे, तिचा उल्लेख पुढे येईल. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात युरिया कातडीच्या जिवंत पेशींत शिरून तिचे संरक्षक थर बांधण्याच्या कामास चालना देतो असेही दिसून आले आहे.

या द्रव्याचा इतिहासही मनोरंजक आहे. अत्यंत चिक्कू माणसाबद्दल बोलताना, तो कापल्या करंगळीवर मुतणार नाही, असे आपल्याकडे म्हणतात. जखमेवर मूत्र धरण्याची जुनी रीत या म्हणीत टिकून राहिली आहे. मूत्रातील हे द्रव्य फ्रेंच रसायनज्ञ रुएल याने १७७३ साली वेगळे काढले. १८२८ साली जर्मनीच्या वलर याने ते प्रयोगशाळेत तयार करून दाखविले. १९१५ साली सिमर्स आणि कर्क या दोन डॉक्टरांनी जखमांवर युरिया वापरल्याची माहिती प्रसिद्ध केली. त्यानंतर अमेरिकेच्या शेती खात्यातील कीटकशास्त्रज्ञ विल्यम रॉबिन्सन यांनी जखमा साफ करणाऱ्या माशीच्या अळ्यांचा अभ्यास केला. त्या अळ्यांच्या स्रावात ज्या द्रव्यांमुळे जखम भरण्यास मदत होते त्यांत युरिया आहे, असा निष्कर्ष त्यांनी १९३६ साली मांडला. पुढे जंतुनाशके आली व जखमांवरील हा वापर मागे पडला. कोरड्या कातडीसाठी युरियाला आजचे स्थान मिळाले ते मुख्यतः १९६८ नंतर. त्या वर्षी स्वीडनच्या गुन्नार स्वानबेक यांनी माशाच्या खवल्यांप्रमाणे कातडी होणाऱ्या जन्मजात विकारात युरियाच्या मलमाचा उपयोग दाखवून दिला. आता जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत शेकडा ५ व शेकडा १० प्रमाणाच्या युरिया मलमाचा समावेश आहे.

या इतिहासावरून कोणी पुन्हा मूत्राकडे वळू नये. माणसाच्या मूत्रात युरियाचे प्रमाण जेमतेम शेकडा २ च्या आसपास असते, म्हणजे कामाला अपुरे. शिवाय ते थोडा वेळ राहिले की जंतू त्यातील युरियाचा अमोनिया करतात. गोठ्यात डोळ्यांना झोंबणारा वास याच अमोनियाचा असतो. उघड्या जखमेत तो आणि ते जंतू दोन्ही नकोत.

सारी मदार प्रमाणावर

सोयाबीन किंवा कपाशीवर युरियाची फवारणी करताना शेकडा २ चे द्रावण घ्यावे, म्हणजे १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम युरिया टाकावा, असे कार्यकर्ते सांगतात. त्याच पाण्यात दोन किलो टाकला तर पाने करपतात. कातडीचे गणितही असेच आहे. शेकडा ५ ते १० युरिया असलेले मलम कातडीत ओलावा धरून ठेवते. हात, पाय व पोटऱ्या यांच्या साध्या कोरडेपणासाठी एवढे पुरेसे असते. शेकडा २० ते ३० च्या मलमाने टाचेचा जाड थर मऊ होऊन सुटू लागतो. शेकडा ४० प्रमाणाचे मलम तर इतके तीव्र असते की, बुरशीने बिघडलेल्या नखावर ते लावून काही दिवस पट्टी बांधून ठेवल्यास नख मऊ पडते व चाकू न लावता काढता येते. हे काम डॉक्टरच करतात आणि तेव्हा नखाभोवतालची चांगली कातडी झाकून घेतात.

आता पोत्यातील युरियाकडे वळू. २० अंश सेल्सिअस उष्णतेच्या १०० ग्रॅम पाण्यात १०० ग्रॅमहून अधिक युरिया विरघळतो. म्हणजे वाटीभर पाण्यात मूठ-मूठ टाकीत राहिल्यास तयार होणारे द्रावण शेकडा ५० च्याही पुढे जाते. नख उतरविणाऱ्या मलमाहून ते तीव्र असते. भेगेत अडकलेला दाणा घामात विरघळतो तेव्हा त्या जागी असेच तीव्र द्रावण तयार होते. तेथे टणक कातडीबरोबर भेगेच्या तळाची कोवळी, जिवंत कातडीही त्याच्या तावडीत सापडते. तिला जाड आणि कोवळे यांतील भेद कळत नाही. खत फेकताना धडधाकट हाताला दाणे लागले तर घाबरण्याचे कारण नाही, हात धुतले की काम झाले. भेगा किंवा खरचटलेली जागा असेल तर मात्र हातमोजे घालावेत, निदान लगेच स्वच्छ पाण्याने धुवावे.

पोत्यातील युरिया मोजूनमापून घेतला तर चालेल काय, असा प्रश्न सभेत हटकून येईल. त्याचेही उत्तर नाही असेच आहे. खत नियंत्रण आदेश, १९८५ अन्वये खताच्या युरियात शेकडा १.५ पर्यंत बाययुरेट हे द्रव्य चालते. याच द्रव्याचे प्रमाण जास्त असलेला युरिया फवारला तर संत्र्याची पाने पिवळी पडतात, हे विदर्भातील बागायतदार जाणतात. २०१५ पासून देशातील खताच्या युरियावर निंबोळी तेलाचा लेप असतो. तो लेप जमिनीत नत्र टिकावे म्हणून आहे, औषधासाठी तयार केलेला नव्हे. त्यात पोत्यातील धूळ आणि ज्या खोलीत ते पोते राहते तेथील कीटकनाशके यांचीही भर पडते. आणि वर सांगितल्याप्रमाणे युरिया इतर द्रव्यांना कातडीतून वाट करून देतो. औषधाचा युरिया शुद्ध केलेला असतो, तो स्निग्ध पदार्थात एकजीव केलेला असतो आणि त्यातून अमोनिया सुटू नये याची काळजी घेतलेली असते. पाण्यात कालवलेला युरिया पाणी उडून गेल्यावर कातडीवर पांढरी पुटे तेवढी ठेवतो. शिवाय अनुदानाचे हे खत शेतीखेरीज अन्य कामास वापरणे नियमबाह्य आहे.

जाता जाता जनावरांविषयी. गाई-म्हशींच्या सडांना चिरा पडतात तेव्हाही कोणी युरियाचे पाणी लावू नये. जनावर अंग चाटते, वासरू सडाला तोंड लावते आणि उरलेल्या द्रावणाची बादली गोठ्यात राहिली तर जनावर ती पाणी समजून पिऊन टाकते. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात युरियाचा भराभर अमोनिया होतो. थरथर, तोंडाला फेस व पोट फुगणे ही लक्षणे अल्पावधीत दिसू लागतात आणि जनावर दगावू शकते. सडांच्या चिरांसाठी पशुवैद्यकीय दवाखान्यातून मलम घ्यावे.

मलम लावण्याची रीत

मलम घेताना नळीवरील युरियाचे प्रमाण वाचून घ्यावे. सुरुवात शेकडा १० च्या मलमाने करणे चांगले. जास्त तीव्र मलम डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून आणू नये. काही नळ्यांत युरियाबरोबर स्टिरॉइड किंवा सॅलिसिलिक ॲसिड असते, त्या स्वतःच्या मनाने वापरावयाच्या नसतात.

रात्री निजण्यापूर्वी साध्या कोमट पाण्यात पाय दहा-पंधरा मिनिटे ठेवावेत. वजरीने किंवा खरबरीत दगडाने जाड कडा हलक्या हाताने घासाव्यात, पाते लावून कातडी कधीही तासू नये. पाय टिपून घ्यावेत व ओलसर असतानाच मलम चोळावे. वरून जुने सुती मोजे घातले किंवा स्वच्छ फडके गुंडाळले तर अंथरुणास डाग लागत नाहीत आणि ओलही टिकते. सकाळी अंघोळीनंतर पुन्हा एकदा लावावे. एक-दोन रात्रींत गुण येत नाही, दोन-तीन आठवडे नेम चालवावा लागतो. टाच बरी झाल्यावर मलम सोडले आणि अनवाणी चालणे सुरू ठेवले तर भेगा परत येतात. मागून बंद असलेले जोडे वापरणे हा उपचाराचा निम्मा भाग आहे.

भेग खोल असेल व रक्त येत असेल तर युरियाचे मलम झोंबते. अशा वेळी पहिले काही दिवस स्वच्छ धुऊन नुसते पांढरे व्हॅसलीन लावावे, तोंड मिटल्यावर युरियाचे मलम सुरू करावे. डोळ्यांजवळ ते लावू नये. तान्ह्या मुलांना डॉक्टरांवाचून लावू नये. फवारणीच्या दिवशी हातांना मलम लावून शेतात जाऊ नये. काम संपवून साबणाने अंघोळ केल्यावरच ते लावावे.

नळीचे पैसे परवडत नसतील तर पाणी, वजरी व त्यावर व्हॅसलीन किंवा भिरंडेल हा नेम तेवढ्याच निष्ठेने चालवावा. साध्या भेगांपैकी पुष्कळ याने बऱ्या होतात. युरियाची खरी गरज लागते ती कातडीचा थर फार जाड झालेला असेल तेव्हा.

युरिया प्रत्येक कातडीविकारावर चालत नाही, हेही सांगणे जरूर आहे. लावणीच्या दिवसांत बोटांच्या बेचक्यात होणाऱ्या चिखल्या पाण्याच्या अतिरेकाने होतात. तेथे ओल धरणारे मलम लावणे म्हणजे रोगास मदत करणे होय. ती जागा धुऊन कोरडी ठेवावी. गजकर्ण, नायटा व खरूज यांची औषधे निराळी आहेत आणि ती आरोग्य केंद्रात विचारून घ्यावीत.

ज्या भेगेला दुखत नाही

गावात काम करणाऱ्यांनी सर्वांत अधिक लक्ष द्यावयाचे ते न दुखणाऱ्या भेगेकडे. खोल भेग दुखली पाहिजे. वेदना आहे म्हणून माणूस पाय जपतो, लंगडतो, विसावा घेतो. बऱ्याच वर्षांचा मधुमेह किंवा कुष्ठरोग यांत पायाची संवेदना जाते. मग माणूस फुटलेल्या टाचेवर दिवसभर चालतो, शेणामातीत उभा राहतो, आत खडा गेला तरी त्याला पत्ता नसतो. भेगेची जखम होते, जखम हाडापर्यंत जाते आणि शेवटी बोट किंवा पाऊल कापावे लागते. अशा रोग्यांच्या कोरड्या पायांना युरियाचे मलम खरोखरच उपयोगी पडते, डॉक्टर ते देतातही. परंतु किती प्रमाणाचे द्यावयाचे, पाय पाण्यात भिजवावयाचे की नाहीत, हे तेथे डॉक्टरांनीच ठरवावयाचे असते. मधुमेही माणसाने पाय फार वेळ भिजत ठेवणे हिताचे नाही. सुन्न पायाच्या माणसास पाणी किती कढत आहे हे कळत नसल्याने भाजण्याचेही भय असते. तीव्र मलमाने कातडी सोलली गेली तरी त्याला ते जाणवत नाही.

भेगेभोवती लाली व सूज आली, पू दिसू लागला, जांघेत अवधाण आले किंवा ताप भरला तर मलम थांबवून त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठावे. खोल भेगा असून शेणामातीत काम करणाऱ्याने धनुर्वाताची लस घेतली आहे की नाही, याचीही तेथे चौकशी करावी.

संवेदना तपासणे अवघड नाही. माणसास बसवून डोळे मिटावयास सांगावे. कापसाच्या बोळ्याचे टोक करून ते त्याच्या दोन्ही पायांना, पावलांच्या वरच्या बाजूस, बोटांस व तळव्याच्या मऊ भागास निरनिराळ्या ठिकाणी हलकेच टेकवावे आणि जेथे स्पर्श झाला तेथे बोट ठेवण्यास सांगावे. टाचेचा जाड घट्टा या तपासणीत वगळावा, कारण निरोगी माणसासही तेथे कापूस कळत नाही. अंगावर फिकट किंवा लालसर बधिर चट्टा आहे काय, लघवीस वारंवार जावे लागते काय, हेही विचारावे. ज्याला बोट जागेवर ठेवता येत नाही, त्याला मलमाचे नाव न सांगता त्याच आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात सोबत घेऊन जावे. कुष्ठरोगाचे औषध तेथे मोफत मिळते.